भाऊमंडळींचा कौल

चुई-लाय तैपेईहून परतला तेव्हा बसथांब्यापासून घरापर्यंत चालत आलाच नाही, पळत आला. नमुन्याच्या छत्र्यांची सुटकेस गुडघ्यावर आपटतेय, शर्ट पाठीला चिकटलाय, गल्लीतली दोन कुत्री मागे लागलीत, आणि ह्याला कशाचीच शुद्ध नाही. गिन दारात बसून कापडाच्या पाकळ्या शिवत होती. नवऱ्याला असं धावताना तिनं लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा मागे डुक्कर होतं.

"मिळाली," तो म्हणाला आणि धाप लागली म्हणून उंबऱ्यातच बसला.

"काय मिळाली?"

"ऑर्डर. आपली. आपल्या नावावर. हॅम्बुर्गला जायची."

गिननं मशीनचं पायडल थांबवलं. हॅम्बुर्ग कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. 'आपल्या नावावर' एवढंच तिनं ऐकलं. इतकी वर्षं ह्या घरानं तिओ शेठच्या कारखान्यासाठी छत्र्या जोडल्या. छत्री ह्यांची, लेबल शेठचं. नव्या वर्षाला गिननंच ठिणगी टाकली होती, की पुरे झालं दुसऱ्याचं नाव शिवणं. शेठचं काम सोडताना तिओ शेठ हसून म्हणाला होता, "जा जा, बिनधास्त जा. चंद्राच्या सणापर्यंत परत याल. तेव्हा दर मात्र जरा कमी मिळेल, आधीच सांगून ठेवतो." ते हसू गिनच्या डोक्यातून अजून गेलं नव्हतं. ही ऑर्डर पार पडली तर घर आपल्या पायावर उभं राहणार होतं. फसली तर शेठच्या दारात मान खाली घालून उभं राहावं लागणार होतं, आणि तेही हिलाच, कारण उडी मारायला लावणारी हीच.

"नीट सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे असं. चुई-लाय एका मोठ्या हॉटेलच्या दारात सुटकेस घेऊन उभा राहायचा. पाच वेळा हाकलला गेला, सहाव्यांदा पाऊस आला. आतून एक उंचाडा गोरा माणूस बाहेर आला, टॅक्सीकडे बघून थबकला. ह्यानं छत्री उघडून त्याच्या डोक्यावर धरली, टॅक्सीपर्यंत नेला, आणि छत्री त्याच्या हातात देऊन स्वतः भिजत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्या क्लाउझेन साहेबानं स्वतःहून शोध काढला. मध्ये दुभाषा म्हणून व्यापारी कंपनीचे कांग साहेब.

"तो म्हणाला, एवढ्या छत्र्या करणार? मी म्हटलं, अडचण नाही. तो म्हणाला, प्रत्येक छत्री उघडून तपासायची, नमुन्यापुरती नाही, प्रत्येक. मी म्हटलं, अडचण नाही. म्हणाला, माल चढायच्या आधी मी स्वतः बघायला येणार, पसंत पडला तरच सही. मी म्हटलं—"

"अडचण नाही," गिन म्हणाली. "तुला दुसरं येतं काय? बोट कधीची?"

त्यानं तारीख सांगितली. आतून सासूबाई पंचांग घेऊन बाहेर आल्या. त्यांचे कान म्हणजे कान होते. बोटाला थुंकी लावून त्यांनी पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"सातवा महिना," त्या म्हणाल्या. "ऐन मध्यावर. माझ्या पोटी हे रत्न कसं आलं देव जाणे. साहेबानं दिलेलं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलंस, ह्यात बघायला डोळे फुटले होते?"

चुई-लायनं दिवस बोटांवर मोजून बघितले.

सातवा महिना म्हटल्यावर आमच्या किनाऱ्यावर शहाणीसुरती माणसंही जपून वागतात. त्या महिन्यात पलीकडचं दार उघडतं आणि ज्यांच्यामागे घास ठेवायला कुणी उरलं नाही, ते सगळे भुकेले जीव मोकळे हिंडतात. त्यांचं खरं नाव ह्या महिन्यात कुणी घेत नाही. 'भाऊमंडळी' म्हणायचं, गोड बोलायचं, पंधराव्या दिवशी दारादारांपुढे ताटं मांडायची आणि महिनाअखेर सुखरूप वाटेला लावायचं. रात्री कपडे वाळत टाकायचे नाहीत, शीळ घालायची नाही. आणि छपराखाली छत्री उघडायची नाही, म्हणजे नाहीच. उघड्या छत्रीखाली अंधार असतो. भाऊमंडळी त्यात येऊन बसतात आणि मग घर सोडत नाहीत.

आता छत्र्याच करणाऱ्या गल्लीचं ह्यावाचून कसं चालायचं, असं कुणी विचारेल. तर आजवर छत्र्या मिटलेल्याच शेठच्या शेडमध्ये जायच्या. उघडायची डोकेदुखी त्याची.

"बघू," गिन म्हणाली. "आधी गल्लीला तर सांगू या."

गल्लीला सांगायची गरजच नव्हती. कुत्र्यांच्या मागोमाग अर्धी गल्ली येऊन उभीच होती. आमच्या गल्लीत बैठकीची खोली बसायला कुणी वापरत नाही. बिंगदादाच्या बैठकीत तार वाकवायचं यंत्र, थोताईच्या बैठकीत शिलाई, तिसऱ्या घरात मुठी घासतात, चौथ्यात काड्यांना टोपणं बसवतात, आणि जेवायचं म्हटलं की मुठी बाजूला सारून त्याच पाटावर भाताच्या वाट्या. एक घर शिंकलं की चार घरांचं काम हलतं. तिओ शेठकडे भली मोठी शेड आहे, भोंगा आहे, साहेबाची वेगळी खोली आहे. आमच्याकडे गल्ली आहे.

"हॅम्बुर्गला पाऊस पडतो ना पण?" थोताईनं विचारलं. थोताई म्हणजे गल्लीची जीभ.

"रोज," चुई-लायनं ठोकून दिलं.

"मग घ्या की. कशाची वाट बघताय?"

आणि काम सुरू झालं. काय सांगावं त्या दिवसांचं. यंत्रांची खडखड सकाळी सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. चुई-लाय तीनचाकी घेऊन ह्या दारातून त्या दारात, काड्या इथून उचल, कापड तिथे टाक, घाम पुसायला वेळ नाही. बायका शिवता शिवता हॅम्बुर्गच्या बायका कशा असतील ह्यावर वाद घालत. एक म्हणाली, त्या पण सासूला घाबरत असतील. थोताई म्हणाली, "इतका पाऊस पडत असेल तर घरातच बसून सासूचं तोंड बघावं लागत असेल, बिचाऱ्या." गिनला वाटायचं, आपल्या छातीतच एक मशीन बसलंय. झोप नीट लागत नव्हती, आणि लागत नाही ह्याचंही सुखच वाटत होतं.

अशात सातवा महिना उजाडला, आणि तपासायची वेळ आली.

गिनला भाऊमंडळींची भीती नव्हती. तिला तिओ शेठच्या हसण्याची होती. तिनं एक तयार छत्री घेतली, बायका शिवायला जमल्या होत्या त्या आपल्याच बैठकीत मधोमध उभी राहिली आणि खटकन उघडली.

सगळ्या मशीन एकदम थांबल्या. थोताईनं दोरा दातानं तोडला, सुई कपाळाशी नेऊन हात जोडले आणि उठली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे सगळ्या.

"थोताई, अहो, एकच तर उघडली."

"एकच म्हणतेस? एका छत्रीत किती मावतात ते तू मोजलंयस का? गिन, तुझ्यासाठी बोटं सोलून काम करीन मी. पण छपराखाली नको बाई. माझ्या घरात लहान नातू आहे."

"आणि ऑर्डर बुडाली तर? त्या नातवाला परत शेठच्या दरानं वाढवणार?"

"शेठ पैसे कापतो. भाऊमंडळी काय कापतील ते सांगता येत नाही."

गिनला संताप आला, आणि छत्री तिनं तशीच उघडी धरली. सासूबाई कोपऱ्यात बसून शांतपणे टोपणं बसवत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "छपराखाली नको म्हणतायत त्या. आभाळाखाली नको असं कुणी म्हटलं?"

गिननं छत्री मिटली.

"देवळापुढचं आवार मोकळं पडलंय," सासूबाई म्हणाल्या. "भर उन्हात, देवळातल्या माझू आईच्या, समुद्राच्या देवीच्या नजरेसमोर उघडा. तिच्यापुढे कुणाची छत्रीत शिरायची छाती आहे?"

थोताईनं क्षणभर विचार केला आणि सुई परत घेतली. "हे मी म्हणणारच होते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीनचाकीच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या आणि देवळापुढचं आवार छत्र्यांनी भरलं. काळ्या, निळ्या, गर्द लाल. म्हातारे पत्त्यांचे डाव टाकून बघायला आले. पुजाऱ्यानं कपाळावर हात मारला, पण हसला. गिन रांगांमधून फिरत होती, शिवण बघत होती, आणि तिच्या मनात आलं, ह्या माझ्या आहेत. तोंडानं ती तसं म्हणालीही, पण ऐकायला कुणी जवळ नव्हतं.

आणि मग समुद्राकडून वारा आला.

मोठा नव्हता, दुपारी येतो तसाच. पण बघता बघता पहिली रांग उलटली. मग दुसरी. फट फट फट आवाज करत छत्र्यांचे कावळे झाले, काड्या आभाळाकडे, दांडे वाकडे. काही उडून देवळाच्या तळ्यात पडल्या. बायका ओरडत मागे धावल्या. वारा पडला तेव्हा आवारात छत्र्या कमी आणि कावळे जास्त होते.

गिन कावळ्यांमधून फिरली. ह्याच छत्र्या शेठच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं पास होत होत्या. तिथे वारा नव्हता. तिथे छत्री उघडायची, शिवण बघायची, मिटायची. मग लोक त्या कुठल्याशा देशात पावसात उघडायचे आणि काय व्हायचं ते त्यांचं नशीब, लेबल शेठचं.

"संपलं," चुई-लाय म्हणाला. त्याच्या तोंडून 'अडचण नाही' सोडून दुसरं काही गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं.

गिननं एक कावळा उचलला. काडी जिथे आडकाडीला जोडलेली असते तिथे वाकली होती. दुसरा उचलला. तिथेच. तिसरा. तिथेच. तिचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. "बिंगदादा," तिनं हाक मारली. "इकडे या. सगळ्या एकाच ठिकाणी मोडल्यात."

बिंगदादानं काडी वाकवून बघितली, दातानं चावून बघितली. "तार मऊ आहे," तो म्हणाला. "शेठच्या दुकानाची. कडक तार मिळते बंदराजवळ, पण माझे साचे बदलावे लागतील."

"किती दिवस?"

"दिवस कसले मागतेस?" बिंगदादाला अपमान वाटला. "तार आणून दे. संध्याकाळी काड्या घेऊन जा."

गंमत बघा, आमच्या गल्लीचं सगळं गुपित ह्या एवढ्याच वाक्यात आहे. शेठच्या कारखान्यात साचा बदलायचा तर आधी फोरमन, मग मॅनेजर, मग शेठ, मग शेठचा मेहुणा. इथे चुई-लाय तीनचाकी घेऊन बंदराकडे सुटला, बिंगदादानं शर्ट काढला, थोताईनं जोडावर शिवायला कापडाची छोटी ठिगळं कापायला घेतली, आणि दिवे लागायच्या आधी पहिली नवी छत्री आवारात उभी होती. वारा आला. छत्री थरथरली, उलटली, आणि खटकन आपणहून सुलटी झाली. थोताई नाचली, चक्क नाचली. सासूबाईंनी तोंडावर बाही धरली, पण खांदे हलताना सगळ्यांना दिसले.

मग सगळा माल उसवायचा आणि पुन्हा जोडायचा. उसवला, जोडला. एका बाईनंही तोंड वाकडं केलं नाही. प्रत्येक छत्री आवारात उघडली, वाऱ्यात धरली, मिटली, खोक्यात गेली. पंधराव्या दिवसाच्या सकाळी शेवटची खोकी बांधून दाराशी रचली होती. साहेब दुसऱ्या दिवशी येणार होता, म्हणून गल्ली त्या दिवशी निवांत भाऊमंडळींच्या ताटांना लागली. दारादारांपुढे टेबलं, त्यांवर अख्ख्या उकडलेल्या कोंबड्या, शेवयांचे ढीग, अननस, भाताचे लाडू, दारूच्या छोट्या पेल्या, प्रत्येक पदार्थात एक पेटती उदबत्ती खोचलेली. बाजूला पाण्याचं घंगाळ आणि कोरा टॉवेल, लांबून येणाऱ्यांना हातपाय धुवायला.

आणि नेमकी तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली.

"वादळ येतंय," कांग साहेब टाय सैल करत धावत आले. "बोट आज संध्याकाळीच सुटणार. साहेब आजच बघणार. ट्रक मागून येतोय."

मोटारीतून क्लाउझेन साहेब उतरले. उंच, लालबुंद, घामानं निथळलेले. त्यांनी सरळ खोक्यांकडे मोर्चा वळवला, वरची खोकी सोडून खालून एक ओढलं, त्याच्या तळातून छत्री काढली आणि वाऱ्याकडे तोंड करून गल्लीच्या टोकाच्या समुद्राच्या बंधाऱ्यावर चढले. वादळाच्या आधीचा वारा होता, माणसाला ढकलणारा. छत्री उलटली. छत्री सुलटी झाली. साहेबांनी स्वतः पुन्हा उलटवली. पुन्हा सुलटी. मग तर त्यांना खेळच सापडला. हसत हसत उतरले. चुई-लायनं देवळापुढच्या आवाराची हकिकत घाईघाईनं कांग साहेबांना सांगितली, त्यांनी ती साहेबांना, आणि साहेबांनी काहीतरी विचारलं.

"विचारतायत, वाऱ्यात तपासायची कल्पना कुणाची?" कांग साहेब म्हणाले. "मी सांगितलं, भाऊमंडळींमुळे."

"असं सांगितलंत?"

"मग काय सांगू? आजच्या दिवशी ते दुसरं नाव मी नाही घेणार बाई. शब्दाला शब्द लावला. म्हटलं, इथले भाऊ फार कडक आहेत, छपराखाली उघडलेली छत्री त्यांना चालत नाही." त्यांनी कपाळ पुसलं. "साहेब खूश झाले. म्हणाले, त्यांच्या कंपनीचे मालकही दोघे भाऊच आहेत. एक हसत नाही, दुसरा बोलत नाही. आता विचारतायत, तुमचे किती?"

गिननं ताटांकडे पाहिलं. "मोजले नाहीत म्हणावं."

"आणि असतात कुठे?"

"आज सगळे इथेच आहेत."

साहेबांनी हे ऐकलं, मान लववली आणि उभ्या असलेल्या प्रत्येक पुरुषाशी हात मिळवत सुटले. बिंगदादाला तर दोनदा हात मिळवला. बिंगदादानं हात उन्हात धरून बघितला, आपलाच आहे ना म्हणून.

पण सही काही होईना. साहेबांनी कागद काढला आणि परत घडी केली. कांग साहेबांनी हळूच सांगितलं, "म्हणतायत, हा माल उत्तम आहे. पण त्यांनी फार ठिकाणी बघितलंय, पहिला माल सोन्याचा आणि पुढचा पत्र्याचा. हा घेतला तर मागोमाग मोठा माल मागवतील. पण तोही असाच येईल असा भावांचा शब्द हवाय. तो मिळाला तरच सही, ह्या मालाचीही."

"भावांचा शब्द," गिन म्हणाली. "बरं."

ती चुई-लायशी बोलायला वळली, कांग साहेब ट्रकला वाट दाखवायला धावले, आणि तेवढ्या वेळात जे व्हायचं ते झालं. क्लाउझेन साहेबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. समोर टेबल मांडलेलं, रिकामी खुर्ची, घंगाळात स्वच्छ पाणी. त्यांनी शांतपणे हात धुतले. तोंड धुतलं. कोऱ्या टॉवेलनं मान पुसली. खुर्चीवर बसले, कोंबडीतली उदबत्ती अदबीनं काढून बाजूला ठेवली आणि तंगडी तोडली.

गल्ली गार पडली. थोताईच्या हातातला अननस सुटून गडगडत गेला.

"गेलं," थोताई पुटपुटली. "सगळं गेलं. त्यांच्या ताटात बसला. आता आज मी एका खोक्याला हात लावणार नाही. रागावली असतील मंडळी."

"थोताई, ट्रक उभा आहे."

"ट्रक उभा असू दे. मी पण उभी आहे."

चुई-लाय साहेबांना उठवायला पुढे झाला. सासूबाईंनी काठी आडवी धरली.

"उठवायचा कुठल्या तोंडानं?" त्या म्हणाल्या. "घरापासून लांब आलाय. ह्याची भाषा इथे कुणाला कळत नाही. भूक लागली, जेवण दिसलं, बसला. ही ताटं आपण कुणासाठी मांडतो रे? अशांसाठीच ना?" त्यांनी पेलीत दारू ओतली आणि साहेबांपुढे सरकवली. साहेबांनी छातीवर हात ठेवून आभार मानले. "पण ज्यांचं ताट त्यांना विचारायला पाहिजे. गिन, देवळातून कौलाचे तुकडे आण. आणि तूच टाक. मालकीण तू आहेस."

चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर वर तर नकार. दोन्ही सपाट वर, तर मंडळी नुसती हसतायत, नीट विचारा.

गिन गुडघ्यांवर बसली. मागे सगळी गल्ली, बाजूला ट्रकवाल्याचा हॉर्न, समोर साहेब तंगडी हातात धरून कौतुकानं बघतायत. कांग साहेब परत आले होते आणि साहेबांच्या कानाशी लागले होते: भाऊ निर्णय घेतायत.

"भाऊमंडळी," गिन म्हणाली, "पाहुणा आधी जेवला. राग नका मानू. माल जाऊ द्याल ना?"

तुकडे पडले. दोन्ही फुगीर वर. मागून सुस्कारा उठला.

"पुढच्या वर्षी दुप्पट ताटं मांडू. चालेल?"

दोन्ही सपाट. हसले. चुई-लाय म्हणाला, "डुक्कर कबूल कर, अख्खं डुक्कर." थोताई म्हणाली, "तमाशा कबूल कर, मंडळींना तमाशा आवडतो."

गिननं तुकडे उचलले आणि हातातच ठेवले. तिला इतकी चीड आली होती की भीती पार पळाली. गिऱ्हाईक दोनदा नाही म्हणतं तेव्हा ती त्याला आणखी सूट देत बसत नसे, त्याला खरं काय हवंय ते बघत असे. मग ह्यांना काय हवंय? कोंबडी तर ह्यांना दरसाल मिळते. ह्या महिन्यात एकच गोष्ट नवी झाली होती. एका गल्लीनं ह्यांच्या धाकानं प्रत्येक छत्री वाऱ्यात उभी केली होती, आणि मोडली तेव्हा लपवली नव्हती.

"ऐका," ती मोठ्यानं म्हणाली. "ह्या घरातून जाणारी प्रत्येक छत्री आभाळाखाली उघडेन. वाऱ्यात धरेन. तुम्ही असाल त्या महिन्यातच नाही, बाराही महिने. उलटली आणि सुलटी झाली नाही तर खोक्यात घालणार नाही. गिऱ्हाईक बघत असो नसो. हे चालेल?"

तुकडे उडाले, आपटले, एक गोल फिरत राहिला. सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर फिरल्या. थांबला. एक सपाट, एक फुगीर.

गल्लीनं जो आवाज केला तो बंदरापर्यंत गेला असेल. थोताईनं अननस सोडून पहिलं खोकं उचललं, तिच्यामागे दुसरीनं, आणि ट्रकपर्यंत हातांची साखळी लागली. कांग साहेबांनी सगळं शब्दाला शब्द लावून सांगितलं: तिनं भावांना वचन दिलंय, बाराही महिने, प्रत्येक छत्री, कुणी बघत असो नसो, आणि भावांनी ते मान्य केलंय. क्लाउझेन साहेबांनी तंगडी खाली ठेवली, टॉवेलला हात पुसले, टेबलाच्या कोपऱ्यावर कागद पसरला आणि दोन सह्या केल्या. एक ह्या मालाची आणि एक पुढच्या, हिवाळ्यातल्या मालाची. वर स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली.

"काय लिहिलं?" गिननं विचारलं.

"तपासणी भावांच्या पद्धतीनं," कांग साहेब म्हणाले. "म्हणतायत, हॅम्बुर्गच्या दोघांना सांगणार आहेत, असे भाऊ ठेवा म्हणून."

ट्रक सुटला. चुई-लाय मागे चढून खोक्यांवर आडवा पडला होता, वारा त्याला उडवून नेईल म्हणून बिंगदादानं त्याला दोरीनं बांधला होता. गिन रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, तिओ शेठचा चेहरा आठवायचा म्हटलं तर आठवत नव्हता. मग एकदम तिच्या ध्यानात आलं की साहेबाला दिलेला शब्द मोडला तर फार तर ऑर्डर जाते. तिनं शब्द दिला होता दुसऱ्यांनाच, ज्यांना ती कालपर्यंत मानतही नव्हती, आणि त्यांच्यापुढे तो मोडायची सोय नव्हती.

थोताई शेजारी येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"बाराही महिने म्हणालीस," ती म्हणाली. "हिवाळ्यात आवारात कसा वारा असतो माहीत आहे ना? माणूस उभा राहत नाही."

"माहीत आहे."

"बोटं गोठतात."

"माझी पण गोठणार आहेत."

थोताईनं कमरेवरचे हात काढले. "मग बिंगला सांग," ती म्हणाली, "आणखी कडक तार बघायला."